मथुरे, तुझे रिसेप्शनचे डूल

मथुरे, आज तुझा दहावा. पुरुष माणसं सकाळीच खाडीवर गेली. खाली बायका मोठ्या पातेल्यांशी खडखडाट करतायत आणि मी वरच्या खोलीत दार लोटून तुझ्याशी बोलत बसले आहे. शाळेत रजा टाकली. ‘कोण गेलं?’ म्हणून हेडमास्तरांनी विचारलं, तेव्हा मला पटकन सांगता येईना. घरमालकीण गेली म्हटलं असतं तर त्यांनी एक तासही सुट्टी दिली नसती. मैत्रीण म्हटलं असतं तर ते तुलाच पटलं नसतं. “मयतरीन कोनाची? मी भाडा घेतंय तुज्याकडना,” असं तू म्हणाली असतीस. शेवटी ‘मोठी बहीण’ लिहून दिलं.  मला अजून हे खरंच वाटत नाहीये, बाई ग.

रविवारी वाशीच्या हॉलमध्ये तुझ्या दिनेशचं रिसेप्शन झालं आणि बुधवारी सकाळी तू गेलीस. अंगणातला मांडवसुद्धा अजून उतरला नव्हता. मांडववाला शिडीवर चढून दिव्यांच्या माळा सोडवत होता, तू पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होतीस आणि मान वर करून त्याला दम भरत होतीस, “माज्या कवलांवर पाय देशील तं बघ.” मी पर्स घेऊन जिना उतरले. तू म्हणालीस, “टीचर, दुपारच्याला जेवायला इकरंच ये. वालाचा करतंय.” मी हो म्हटलं. फाटकाशी पोचते तोच मागे ताट पडल्याचा आवाज झाला. वळून बघते तर तू खांबाला टेकलेली, शेंगा सगळीकडे सांडलेल्या, डोळे उघडे. मला वाटलं, मुद्दाम करते आहेस. तुझी चेष्टा करायची पद्धतच तशी. मी तिथूनच ओरडले, “ऊठ ग, मला उशीर होतोय.” हे मी तुला शेवटचं बोलले, मथुरे. ऊठ ग, मला उशीर होतोय.

कोपरखैरण्याचा डॉक्टर स्कूटरवरून आला, मनगट धरून बसला आणि हार्टचं काहीतरी म्हणाला. तुला आणि हार्ट! तांदळाची गोणी एका झटक्यात पाठीवर घेणारी बाई तू. कधी डोकं दुखतंय म्हणालेली मला आठवत नाही. मांडववाल्यानं सोडवलेल्या माळा तशाच खाली टाकल्या आणि तो निघून गेला. ज्या खुर्च्यांवर वऱ्हाड बसलं होतं त्याच खुर्च्यांवर थोड्या वेळानं मयताला आलेले लोक बसले. वर अशोकाच्या पानांची तोरणं लटकत होती, त्यांची पानं अजून पुरती वाळलीही नव्हती.

तुला हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या. सवाष्ण गेली, अहेवपणी गेली, भाग्याची, असं बायका म्हणत होत्या. तुझ्या कानात अजून ते डूल होते. घरातल्या गाऊनवर, खांद्यावर पंचा टाकून शेंगा सोलताना तू तेच घालून बसली होतीस. वर हिरा, खाली हिऱ्यांची बारीक दोरी आणि टोकाला हिरवागार पाचूचा थेंब. तुझी नणंद काशीआक्का पुढे झाली. तिनं पदर हाताभोवती गुंडाळला, बोट लागणार नाही अशा बेतानं ते डूल काढले, फडक्याच्या तुकड्यात बांधले आणि ती पुरचुंडी घराबाहेर, पडवीच्या खुंटीला टांगली. मला काही कळेना. मला वाटलं, असेल तुमच्याकडची एखादी रीत.

रीत नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्या तळवली गावात झालं होतं की मथुरेला पाचू बाधला. “खडा असा कोनी घालतं काय? पत्रिका नाय, गुरुजी नाय. बुधाचा खडा तो, लागला तं लागला, नाय तं मानूस घेऊन जाते,” असं काशीआक्का येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. पुढचं वाक्य ती जरा हळू बोलायची, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. “नि पसंत कोनी केला? नवीनं.”

नवी म्हणजे तुझी अश्विनी. अंगावरची हळद उतरायच्या आत सासू गेली म्हणून पायगुण तर निघालाच होता, वर पाचू. तिला कोणी शिवी दिली नाही, मारलं नाही. कोणी तिच्याशी बोलेचना. “तिला सांगा, बाजूला हो म्हनावं,” असं ती समोर उभी असताना तिसऱ्याच बाईला सांगायचे. चहा यायचा तो सगळ्यांना यायचा, तिच्यासमोर यायचा नाही. ती आपली उठून आपला घ्यायची. दिनेश डोकं भादरून कोपऱ्यात बसलेला. त्याला आई गेल्याचं दुःख आहे की बायको तुटतेय त्याचं, हे त्यालाच कळत नसावं. तुझे यजमान, भाऊ, तर तू गेल्यापासून बोललेलेच नाहीत. तेव्हा घर काशीआक्काच्या हातात गेलं. तिनं ठरवलं की दहाव्याला अस्थींबरोबर ती पुरचुंडी खाडीत सोडायची आणि त्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या वडिलांनी नेरूळहून येऊन तिला घेऊन जायचं. परत कधी आणायची, यावर “बगू मंग” एवढंच. ते ‘बगू’ म्हणजे काय, हे तळवलीत राहून मला कळायला लागलं आहे.

आणि मला एकटीला ठाऊक होतं की तुझ्या कानात पाचू नव्हताच.

निदान मला तेव्हा असं वाटत होतं की मला एकटीलाच ठाऊक आहे.

तुझ्या-माझ्या त्या भांडणाबद्दल आता बोलू दे मला. ते अर्धंच राहिलं आहे आणि तू असं मध्येच उठून जाणं मला मान्य नाही.

सुरुवात झाली ती तुझ्या विहिणीपासून. सुपारीच्या दिवशी ती तुला म्हणाली, “रिसेप्शनला आम्ही सगळ्या सोबरच घालणार हं. सोनं काय, लग्नात आहेच.” तू हसून मान हलवलीस आणि संध्याकाळी जिना चढून वर आलीस. “टीचर, सोबर म्हंजे कय?” मी सांगितलं, साधं, डोळ्यांत न भरणारं. तू विचारात पडलीस. “मंग घालायचं तरी कनाला?” म्हणालीस.  तुला ती गोष्ट लागली होती. तुझ्याकडे पुतळ्यांची माळ होती, बुगड्या होत्या, पेटी भरून सोनं होतं, पण हॉलमध्ये, सुटाबुटातल्या पाहुण्यांसमोर घालायचं असं काही नव्हतं. सुनेकडच्या बायकांसमोर आपण गावंढळ दिसू नये, एवढंच तुझं म्हणणं. हे तू कोणाला बोलून दाखवलं नसतंस. मला दाखवलंस.

म्हणून आपण तिघी वाशीला गेलो, तू, मी आणि अश्विनी. सराफाकडे गादीवर बसल्यावर तू दुकान आपल्या बापाचं असल्यासारखी मांडी ठोकलीस आणि म्हाताऱ्या सराफाला “ये, तू दाखव रे” असं एकेरीत सुरू केलंस. पहिल्या दिवसापासून तू मलाही एकेरीतच बोलत आलीस. साताऱ्याहून बदली होऊन आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कोपरखैरण्यात कोणी तयार नव्हतं. नवरा पुण्यात, मूल नाही, मग ही इथे कशाला, असं प्रत्येक दारात. तू फाटकातच मला न्याहाळलंस आणि म्हणालीस, “एकटी हाय तं कय झाला? मी हाय नं खाली. तू वर जा.” मला ‘तू’ म्हणणारं त्या आठवड्यात भेटलेलं ते पहिलं माणूस. टायफॉइडमध्ये मी त्याच खोलीत पडले होते तेव्हा माझ्या उशाशी बसून तू पेज भरवलीस आणि वर “ही टीचर लेकाची लई नाटकी” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलीस. हे सगळं मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आभार मानले की तू चिडायचीस.

तर ते डूल. अश्विनीनंच निवडले, हे खरं. सराफानं भिंग दिलं, तू एक डोळा मिटून बघितलंस आणि म्हणालीस, “यांत तं भेगा हायत.” तो शांतपणे म्हणाला, “पाचूत जाळी असतेच, ताई. अगदी निर्मळ दिसला तर काच समजायची.” शिळं पापलेट ताजं म्हणून विकणाऱ्याकडे बघावं तसं तू त्याच्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता उठणार. तेवढ्यात अश्विनीनं तो डूल तुझ्या कानाशी धरला आणि आरसा पुढे केला. “आई, तुमच्या रंगावर बघा ना कसा उठून दिसतोय!” तोवर ती तुला ‘काकू’च म्हणायची. तू आरशात बघितलंच नाहीस, तिच्याकडे बघितलंस. “सून म्हनते तं घेऊ,” एवढंच सराफाला म्हणालीस. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणालीस, “दागिन्यासाठी नाय घेतला टीचर. आई म्हनली म्हनून घेतला.”

अश्विनी नेरूळच्या बसमध्ये चढली आणि तू मला घेऊन बांगड्यांच्या गल्लीत शिरलीस. तिथे खोट्या दागिन्यांच्या दुकानात पुठ्ठ्यावर अडकवलेली तीच जोडी! तीच घडण, पण हिरवा रंग असा स्वच्छ की आरपार दिसावं, आणि वरचे खडे लखलखणारे. तू थबकलीस. “यो बग. यो खरा.” मी म्हटलं, मथुरे, ही काच आहे. तू म्हणालीस, काच कशी असेल, यात एक रेघ नाही. मी सायन्स शिकवते, तेव्हा मला चेव आला. खडा जमिनीत कसा तयार होतो, त्यात रेघा का राहतात, हे मी तुला त्या गल्लीत उभी राहून समजावलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “तुजा सायन्स तुज्याजवल ठेव. डाग हाय तोच खरा, असा डागाचा माल विकनारा सांगल नाय तं कोन सांगल?” आणि पुठ्ठा पिशवीत टाकलास. चेष्टेत घेतलास असं मी समजले.

रिसेप्शनच्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत तू मला आत ओढलंस, कडी लावलीस. सराफाची डबी उघडलीस, बघितलीस, मिटलीस. मग ब्लाउजमधून रुमाल काढलास. रुमालात पुठ्ठा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, सगळ्यांना सांगितलंयस ना, पाचू-हिऱ्याचे म्हणून? आणि हे घालणार?” तू म्हणालीस, “सगल्या गावाची नजर आज माज्या कानावर हाय. ते घातला तं कोनाला दिसनारबी नाय. झोपलेला वाटते ते.” फिरकी तुला बसवता येईना. मीच बसवली. मग तू माझी दोन्ही मनगटं धरलीस. “कोनाला सांगायचं नाय. माजी आन हाय तुना. गावान कलला तं मी तोंड दाखवू शकनार नाय.” तू हसत नव्हतीस. मी शपथ घेतली.

आणि मग काय तुझा तोरा! कॅमेरावाल्याचा दिवा तुझ्याकडे वळला की कानात वीज चमकायची. तुझी सोबर विहीणसुद्धा जवळ येऊन “वा, काय पाणी आहे!” म्हणाली. काशीआक्कानं तर सगळ्या बायकांसमोर तुझ्या कानाची पाळी चिमटीत धरून जाहीर केलं, “खरा माल लगेच कलते.” तू माझ्याकडे बघितलंस, पदर दातात धरलास आणि तुझे खांदे हलायला लागले. मी आइस्क्रीमची डिश घेऊन खांबामागे गेले. इतकं मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

नंतर तू ते काढायलाच तयार नव्हतीस. सोमवारी बांगडे साफ करताना कानात तेच. मी म्हटलं, आता तरी काढ, आता कोण बघतंय? तू म्हणालीस, “मी बघतंय.” मग पुन्हा तेच भांडण. खरं ते खरं, मी म्हणत होते. डोळ्याला बरं वाटतं ते खरं, तू म्हणत होतीस. मंगळवारी मी चिडून म्हटलं की एकदा दोन्ही जोड्या उन्हात शेजारी ठेवून दाखवते तुला, मग बोल. “दाखव,” तू म्हणालीस, “बुधवारी दुपारी जेवायला ये तवा दाखव.”

तर हे असं. तुझ्या प्राणांवर उठलेला पाचू म्हणून जी पुरचुंडी खुंटीला टांगली होती तिच्यात बांगड्यांच्या गल्लीतली काच होती. खरा पाचू तुझ्या कानाला लागला तो फक्त सराफाच्या दुकानात, क्षणभर. आणि त्या पाचूपायी एक मुलगी घराबाहेर चालली होती.

का नाही बोलले? तू विचारशीलच. रोज जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत येत होते आणि परत वर जात होते. तुझी आण तर होतीच. पण त्याहून, तुझी फजिती मला बघवणार नव्हती. जिवंतपणी तू स्वतः हसून नेली असतीस. गेलेल्या माणसाला हसून नेता येत नाही. मथुरेनं पोराच्या रिसेप्शनला खोटं घातलं आणि खरं म्हणून मिरवलं, हे तळवलीपासून घणसोलीपर्यंत गेलं असतं आणि तुझं तेवढंच नाव राहिलं असतं. शिवाय काशीआक्का. जिनं भर हॉलमध्ये कान धरून निवाडा दिला, ती आपण फसलो हे कबूल करणार कशी? टीचर मुलीला वाचवायला खोटं बोलते, असंच म्हटलं असतं. मला राग येत होता तो तुझाच. मला या कात्रीत धरून तू मजेत निघून गेलीस.

काल दुपारी अश्विनी वर आली. वडील पाच वाजेपर्यंत येणार होते. तिची निळी बॅग भरून पडवीत ठेवलेली मी खिडकीतून बघितली होती. तिनं दार लोटलं, पदराखालून एक डबी काढली आणि माझ्यासमोर धरली. “टीचर, एक काम कराल? हे आईंच्या कपाटात ठेवाल? माझ्या बॅगेत सापडले तर लोक आणखी काहीतरी म्हणतील.”

मी डबी उघडली. आत सराफाचे डूल. तेच, झोपलेले, जाळी असलेले. मी समजत होते ते तुझ्या कपाटात कुलूपबंद आहेत.

“तुझ्याकडे कसे?”

“हॉलवरून परत येताना गाडीत दिले त्यांनी. म्हणाल्या, हे तुझ्यासारखं आहे, गप्प बसणारं. तूच घाल. मला बोलणारं पाहिजे.”

 मी विचारलं, “म्हणजे तुला माहीत होतं? त्यांच्या कानात काय होतं ते?”

“स्टेजवर पाया पडले तेव्हाच कळलं. मीच तर निवडले होते ना.” ती खाली बघत होती. “गाडीत त्यांनी शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही म्हणून.”

“अगं वेडे, तुला घराबाहेर काढतायत त्या पाचूवरून. एक शब्द बोलली असतीस तर?”

“काय बोलणार होते? सगळ्या बायकांसमोर आईंची काच काढू?” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “त्या किती खूश होत्या त्या दिवशी. आता त्या नाहीत सांभाळायला. मग मीच सांभाळायला नको?”

मथुरे, मी डबी मिटली. तू गेलीस त्या सकाळी बसला नव्हता असा धक्का मला त्या मुलीच्या त्या वाक्यानं बसला. तुझ्या हाताखाली आठवडाभरही न नांदलेली ही पोर. तिच्या वाट्याचा चहासुद्धा तिला कोणी दिला नाही, आणि ती तुझी अब्रू पोटात घालून बॅग भरून निघाली होती. मी वर बसून तुझ्या आणेचा विचार करत होते, ती खाली त्याच आणेपायी उभी जळत होती. तू आम्हां दोघींना एकाच शपथेत बांधून एकमेकींना पत्ताही लागू दिला नाहीस. कमाल आहे तुझी.

मी उठले. डबी एका हातात, तिचं मनगट दुसऱ्या हातात. ती “नको टीचर, नको” म्हणत होती. मी ऐकलं नाही. तुझंही नाही ऐकलं.

खाली ओटीवर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पडवीत गेले, खुंटीवरची पुरचुंडी सरळ हातानं काढली, तेव्हा दोघी-तिघी मागे सरकल्या. मी ती तांदळाच्या सुपाशेजारी सोडली, डबीही उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. वर्गात सांगते तसं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा.  “तुम्ही म्हणता तो खडा मथुरेच्या कानाला लागलाच नाही, आक्का. ही काच आहे. पाचू या डबीत आहे आणि तो तिनं आपल्या हातानं सुनेला दिलाय.”

काशीआक्का माझ्याकडे बघत राहिली. “टीचर, पोरीला वाचवाला खोटा बोलतंस.”

शेजारची एक म्हातारी वाकून दोन्ही जोड्या बघत होती. “यांतला खरा कंचा गो?” तिनं विचारलं. आक्कानं जराही न थांबता पुरचुंडीतल्या जोडीकडे बोट दाखवलं. आणि मग, बोट दाखवल्यावर, तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्यातला एक डूल उचलला. पदर न गुंडाळता. हिरव्या खड्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. उलटा केला आणि कानात जाते ती तार अंगठ्याच्या नखानं खरवडली. पाचू-हिरे तिला कळत नसतील, पण सोन्यात काशीआक्काला कोणी फसवलेलं तळवलीनं पाहिलेलं नाही. बांगडे साफ करताना, घामानं, साबणानं मुलामा उडाला होता आणि तारेवर हिरवट कळंक चढला होता. तिनं ती तार उजेडात धरली. पुन्हा खरवडली. मग डबीतला डूल उचलून त्याचीही तार बघितली.

“पितल,” ती म्हणाली.



“मथुरे,” आक्का त्या डुलाकडे बघत म्हणाली, “पितल घालून हॉलभर फिरलीस गो. नि मी तुजा कान धरून सांगतंय, खरा माल.” तिच्या तोंडावर आधी हसू आलं. मला दिसलं ते. मग कोपऱ्यातली कोणीतरी फिस्सकन हसली, तिला बघून दुसरी, आणि तोंडात पदर कोंबून सगळ्या बायका हसायला लागल्या, सुतकाच्या घरात, तू तिथे मधोमध बसली असतीस तर हसल्या असत्या तशाच. आणि हसता हसता आक्का रडायला लागली. एवढ्या दिवसांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. तिला सगळ्यांना कामाला लावायचं होतं, दोष शोधायचा होता, रडायला सवड कुठे होती.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, अगदी लहान मुलीसारखं, “मंग टीचर, ती गेली कनानं?”

 खडा सुटला, मुलगी सुटली, आता दोष ठेवायला कोणीच राहिलं नव्हतं. धडधाकट बाई शेंगा सोलता सोलता गेली, आणि कशानं गेली ते कोणालाच माहीत नाही. डॉक्टरचा शब्द मला ठाऊक होता, पण तो तिच्या प्रश्नाला पुरा पडणारा नव्हता. मी म्हटलं, “मला नाही माहीत, आक्का.” मी टीचर असून मला माहीत नाही, हे ऐकून तिनं नुसती मान हलवली. आम्ही सगळ्या गप्प बसून राहिलो. त्या गप्प बसण्यात मला पहिल्यांदा कळलं की तू खरोखरच गेली आहेस.

आण मोडली मी तुझी. तोंड दाखवू शकणार नाही म्हणाली होतीस, पण तसं काही झालं नाही बघ. तुझ्या काचेवर हसता हसताच बायका तुझ्यासाठी मोकळेपणी रडल्या. आपलं भांडण मात्र मिटलं नाही. दोन्ही जोड्या सुपाशेजारी होत्या, दुपारचं ऊन सरळ त्यांच्यावर पडलं होतं, आणि खरं सांगू का, तुझीच जोडी उजवी दिसत होती.

तेवढ्यात मागच्या अंगणात नळ खाकरला. पाणी आलं. काशीआक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. अश्विनी अजून दाराशीच उभी होती, बॅगेजवळ, कोणीकडे बघावं ते न कळून. आक्कानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खेकसली, “उबी कय ऱ्हायलीस? बॅग आत टाक नि हांडं लाव नलाला. आदी विसलून घे, नाय तं तसाच भरशील.”

मथुरे, तू गेल्यापासून त्या घरातलं कोणी अश्विनीशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.